बहात्तर टक्के आणि त्रेपन्न टक्के

२८ फेब्रुवारी २००६, मंगळवार. इराकवरच्या अमेरिकी चढाईला तीन वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी अमेरिकेत एक आकडा सकाळपासून फिरू लागला : बहात्तर. इराकमध्ये प्रत्यक्ष तैनात असलेल्या सैनिकांपैकी ७२ टक्क्यांना वाटतं की अमेरिकेने वर्षभराच्या आत तिथून निघावं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे स्तंभलेखक निकोलस क्रिस्टॉफ यांनी त्याच दिवशी आपल्या स्तंभात हा आकडा मांडला आणि सैनिक तर बोलले, आता राष्ट्राध्यक्ष ऐकणार का, असा सवाल टाकला.

युद्धविरोधकांच्या दृष्टीने हे घबाड होतं. तीन वर्षं त्यांना एकच टोमणा ऐकावा लागत होता : घरात बसून बोलायला काय जातं, तिकडे वाळूत उभ्या असलेल्या पोराला विचारा. आता त्या पोराला विचारलं होतं आणि तो यांच्या बाजूने बोलत होता. युद्धसमर्थकांनी मग पाहणीच खोटी ठरवायला घेतली. राजकीय ब्लॉगांचे ते भरभराटीचे दिवस होते. दुपारपर्यंत दोन्हीकडच्या शिलेदारांचे लेख लिहून झाले होते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘साक्ष’ हा विषय दिला तेव्हा हे बहात्तर टक्के पुन्हा आठवले. कारण युद्धाच्या वादात सैनिकासारखा साक्षीदार दुसरा नाही. त्याला उलटतपासणी नको असते आणि घ्यायला गेलं तर ते वाईट दिसतं. म्हणून प्रत्येकाला तो आपल्या पिंजऱ्यात हवा असतो.

मूळ पाहणीचं पत्रक शांतपणे वाचायला घेतलं की मात्र पंचाईत होते. पाहणी केली होती झॉग्बी इंटरनॅशनल या संस्थेने, न्यूयॉर्क राज्यातल्या ल मॉइन कॉलेजच्या साथीने. १८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी या काळात इराकमधल्या अनेक ठिकाणी ९४४ सैनिकांना प्रश्न विचारले गेले. ठिकाणांची नावं जाहीर केली नाहीत. त्याच पत्रकात, बहात्तरच्या खाली, आणखी एक आकडा आहे. बंडखोरी काबूत आणण्यासाठी सैन्याची संख्या आणि बॉम्बहल्ले दोन्ही दुप्पट करावेत असं ५३ टक्क्यांना वाटत होतं.

आता साधी बेरीज करावी. ७२ आणि ५३ मिळून १२५ होतात. शंभर माणसांत हे दोन्ही आकडे बसवायचे तर निदान पंचवीस जणांनी दोन्ही उत्तरं दिलेली असणार. म्हणजे किमान चौथा हिस्सा सैनिक एकाच बैठकीत सांगत होता की सैन्य दुप्पट करा आणि वर्षाच्या आत निघा. एका बाजूने यातलं पहिलं वाक्य गाळलं, दुसऱ्या बाजूने अख्खी साक्षच गाळली. जो हे दोन्ही बोलला, त्याच्या डोक्यात काय होतं याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती.

खरं तर त्यात तर्कट काही नाही. रस्त्याचं काम रेंगाळलं की मजूरही हेच म्हणतो : माणसं वाढवा, काम उरका, आम्हाला गावी जाऊ द्या.

एक प्रश्न, चार उत्तरं

‘अमेरिकेने इराकमध्ये किती काळ राहावं?’ या प्रश्नाला चार उत्तरं होती. ताबडतोब निघावं : २९ टक्के. सहा महिन्यांत : २२ टक्के. सहा ते बारा महिन्यांत : २१ टक्के. आणि ‘गरज असेल तोवर राहावं’ : २३ टक्के. पहिल्या तिन्हींची बेरीज म्हणजे ते प्रसिद्ध बहात्तर.

या चार खणांकडे जरा बघत राहावं. ज्याला वाटतं की दीड वर्ष लागेल, त्याने कुठे खूण करायची? दोन वर्षं म्हणणाऱ्याने? बारा महिन्यांनंतर थेट ‘गरज असेल तोवर’ची बेमुदत खाई आहे. मुदत हवीच असलेला माणूस वरच्या तिन्हींकडे ढकलला जातो. शिवाय ‘ताबडतोब’ म्हणणारा आणि ‘वर्षभरात’ म्हणणारा यांच्यात राजकारणाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वर्षभरात सैन्य कमी करत आणायची भाषा त्या काळात युद्धाचे पुरस्कर्तेही करत होते. पण बेरीज झाली की अंतर मिटतं. ‘७२ टक्के म्हणतात, आत्ताच परत या’ असं वाचलं गेलं, तेव्हा खरा आकडा २९ होता.

तारखेचंही असंच. पाहणी जाहीर होण्याच्या सहा दिवस आधी, २२ फेब्रुवारीला, समारा शहरातल्या अल-अस्करी या शियांच्या पवित्र स्थळाचा सोनेरी घुमट स्फोटात उडवला गेला आणि शिया-सुन्नी रक्तपाताला उधाण आलं. पत्रक वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तीच दृश्यं होती. उत्तरं देणाऱ्या सैनिकाच्या डोळ्यांसमोर ती नव्हती. त्याने आपलं मत आठवडाभर आधीच देऊन टाकलं होतं.

आणि मग तो आकडा, जो दोन्ही बाजूंनी घशाखाली उतरवला नाही. अमेरिकेचं इराकमधलं काम मुख्यतः ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या इराकचे सत्ताधीश सद्दाम हुसेन यांच्या सहभागाचा बदला घेणं हे आहे, असं ८५ टक्के सैनिकांनी सांगितलं. असा सहभाग असल्याचा पुरावा नाही, हे खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सप्टेंबर २००३ मध्येच कबूल केलं होतं. युद्धविरोधकांना बहात्तर टक्क्यांच्या शहाणपणाचे गोडवे गायचे होते. पण ज्याला आपण इथे का आलो हेच चुकीचं ठाऊक आहे, त्याच्या ‘कधी निघावं’ला प्रमाण कसं मानायचं? युद्धसमर्थकांना हा ८५ चा आकडा उचलावासा वाटला असता, तर आपल्याच सैनिकांच्या मनात हे कोणी भरवलं असा प्रश्न आला असता. तेव्हा तो बिचारा आकडा बेवारस राहिला.

वर्गणीदारांचं सैन्य

‘आर्मी टाइम्स’, ‘नेव्ही टाइम्स’, ‘एअर फोर्स टाइम्स’ आणि ‘मरीन कोअर टाइम्स’ ही त्या काळी अमेरिकी छावण्यांत घरोघरी दिसणारी साप्ताहिकं. ती सरकारी नाहीत. बढत्या, भत्ते, बदल्या, निवृत्तिवेतन अशा बातम्यांसाठी सैनिक त्यांची वर्गणी भरत. या साप्ताहिकांनी २००३ पासून दरवर्षी आपल्या वर्गणीदारांची पाहणी सुरू केली. पद्धत जुनीच : टपालाने प्रश्नावली पाठवायची आणि परत येतील त्यांची मोजदाद करायची. २००६ च्या नोव्हेंबरात अशा सहा हजार प्रश्नावल्या गेल्या.

निकाल डिसेंबरअखेरीस आला आणि पुन्हा धुरळा उडाला. बुश युद्ध ज्या रीतीने हाताळत आहेत ते पसंत असणारे : ३५ टक्के. दोन वर्षांपूर्वी हेच ६३ होते. मुळात इराकमध्ये युद्धाला जायला हवं होतं असं म्हणणारे ४१ टक्के. २००३ मध्ये ६५ होते. घसरण खरी होती आणि मोठी होती, यात शंका नाही. पण लगेच एक सोपं गणित झालं : शंभरातून पस्तीस वजा केले की राहतात पासष्ट, म्हणजे ६५ टक्के सैन्य बुश यांच्या विरोधात. प्रत्यक्षात नापसंती दाखवणारे ४२ होते. उरलेल्या तेवीस जणांनी बाजूच घेतली नव्हती.

हे तेवीस नुसते गोंधळलेले नसतात. अमेरिकी लष्करी कायद्याच्या ८८ व्या कलमानुसार राष्ट्राध्यक्षांविषयी तुच्छतेचे शब्द वापरणं हा अधिकाऱ्यासाठी गुन्हा आहे. पाहणीत ‘नापसंत’वर खूण केली म्हणून कोणाला शिक्षा होत नाही, हे खरं. पण वीस वर्षं वरिष्ठांविषयी तोंड आवरायची सवय लागलेला माणूस कागदावरही हात आवरतो. नागरिकांच्या चाचणीत ‘सांगता येत नाही’ म्हणणारा बहुधा निरुत्साही असतो. लष्करात तो शिस्तीचा असू शकतो.

दुसरी बाजूही काही कमी नव्हती. त्याच पाहणीत ५० टक्क्यांना अजून यशाची शक्यता वाटत होती. ‘निम्मं सैन्य अजूनही विजयाची खात्री बाळगून आहे’ असा त्याचा अर्थ लावता आला. मात्र २००४ मध्ये हा आकडा ८३ होता, हे सोयीने बाजूला ठेवावं लागलं.

या साप्ताहिकांनी निकालाबरोबरच एक इशारा छापला होता, की हे संपूर्ण सैन्याचं चित्र समजू नये. उत्तरं देणारे सरासरीपेक्षा वयाने मोठे, अनुभवी, अधिकारी असण्याची शक्यता जास्त आणि लष्करातच आयुष्य काढायचं ठरवलेले. वर्गणी भरून बढत्यांच्या बातम्या कोण वाचणार? ज्याला बढती हवी आहे तो. चार वर्षांच्या करारावर आलेला, करार संपला की कॉलेजात जायचं म्हणणारा एकोणीस वर्षांचा पोरगा या मोजणीत जवळजवळ नाहीच. आणि इराकच्या रस्त्यावर गस्तीची गाडी चालवणारा बहुतेक वेळा तोच.

हा फरक किती मोठा आहे ते जेसन डेम्प्सी या लष्करी अधिकाऱ्याने दाखवून दिलं. त्याने २००४ मध्ये सहकाऱ्यांसह सैनिकांची एक वेगळी पाहणी केली आणि २०१० मध्ये त्यावर ‘अवर आर्मी’ हे पुस्तक लिहिलं. अधिकारीवर्ग रिपब्लिकन पक्षाकडे ठळकपणे झुकलेला होता. पण साधे सैनिक, म्हणजे सैन्याचा फार मोठा हिस्सा, मतांनी आजूबाजूच्या अमेरिकेसारखेच होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी कोणताच पक्ष आपला मानला नव्हता. ‘सैन्य रिपब्लिकन असतं’ हे वाक्य खरं तर मेसमधल्या एका टेबलाविषयी असतं आणि ते अख्ख्या छावणीला लावलं जातं.

जेवणघरातली परीक्षा

सैनिकाला नीट कसं विचारावं हे अमेरिकेला ठाऊक नव्हतं असं नाही. उलट या शास्त्राचा मोठा हिस्सा अमेरिकी सैन्यातच जन्मला.

पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ ला हल्ला झाला. त्याच आठवड्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅग छावणीत नवव्या पायदळ डिव्हिजनचे जवान प्रश्नावल्या भरत होते. समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टॉफर यांच्या हाताखालच्या लष्करी संशोधन शाखेचं ते पहिलं मोठं काम. युद्ध संपेपर्यंत या शाखेने पाच लाखांहून अधिक सैनिकांना विचारलं. पद्धत बघण्यासारखी होती. जवानांना जेवणघरात किंवा अशाच एखाद्या खोलीत गटाने बसवायचं. अधिकाऱ्यांना बाहेर ठेवायचं. प्रश्नावली वाटणारा आणि समजावून सांगणारा स्वतःही साधा सैनिकच असायचा. नाव लिहायचं नाही. कोणाला बोलवायचं ते यादीवरून ठरायचं. हौसेने पुढे आला त्याला बसवलं, असं नाही.

या पाहण्यांमधून निघालेल्या गोष्टी कागदावर राहिल्या नाहीत. युद्ध संपल्यावर आधी कोणाला घरी पाठवायचं, याचा निर्णय सैनिकांनाच विचारून झालेल्या पाहण्यांच्या आधाराने गुणांवर सोपवला गेला : नोकरीच्या प्रत्येक महिन्याला एक गुण, परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी एक, मोहिमेच्या ताऱ्याला किंवा पदकाला पाच, तीन मुलांपर्यंत प्रत्येक मुलामागे बारा. पंच्याऐंशी भरले की घरची वाट.

पुढे १९४९ मध्ये ‘द अमेरिकन सोल्जर’ हे ग्रंथ निघाले आणि समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी त्यांचं परीक्षण लिहिलं. त्यांनी त्यात वाचकाला मस्त चकवलं. सुरुवातीला पाहणीतले म्हणून काही निष्कर्ष दिले, सगळे असे की वाचणारा म्हणेल, हे तर कोणीही सांगेल. त्यातला एक असा की लढाई चालू असताना सैनिकांना घरी परतायची जेवढी ओढ होती तेवढी जर्मनीच्या शरणागतीनंतर राहिली नाही. मरायचं कोणाला असतं! मग लाझार्सफेल्ड सांगतात की वरचं प्रत्येक वाक्य पाहणीच्या नेमकं उलट आहे. खरी गोष्ट अशी की युद्ध संपल्यावर घरची ओढ वाढली.

याचा इराकशी थेट संबंध आहे. ‘घरी जायचंय’ हे वाक्य युद्धाविषयीचा कौल म्हणून वाचायचं तर जर्मनी हरल्यावर अमेरिकी सैनिक युद्धाच्या जास्त विरोधात गेले असं मानावं लागेल. काम झालं असं वाटलं, म्हणून घर आठवलं, एवढंच ते होतं. ज्या सैनिकाने घरी जायचंय म्हटलं, त्याच्या तोंडात ‘हे युद्ध चूक आहे’ हे वाक्य कोंबण्यापूर्वी फोर्ट ब्रॅगच्या त्या जेवणघरात एक चक्कर मारून यावी.

माझं ठीक आहे, तुकडीचं सांगू नका

झॉग्बीच्या पाहणीत कोण किती बोललं हेही वाचण्यासारखं आहे. वर्षभरात निघावं म्हणणारे राखीव दलात ८९ टक्के, नॅशनल गार्डमध्ये ८२, नियमित भूदलात सुमारे ७० आणि मरीन दलात ५८. एकच युद्ध, एकच वाळवंट, तरी एकतीस टक्क्यांचं अंतर. राखीव सैनिक म्हणजे कोण? ओहायोतला शिक्षक, टेक्ससमधला नळकाम करणारा, महिन्यातून दोन दिवस कवायतीला जाणारा. त्याचं दुकान बंद आहे, बायको दोन मुलं सांभाळते आहे आणि त्याने हे आयुष्य निवडलेलं नाही. मरीन दलाची तैनाती बहुधा सात महिन्यांची असे, भूदलाची वर्षाची. बहात्तर हा आकडा या सगळ्यांना एकाच कढईत ढवळून निघालेला. त्यात युद्धाविषयीचं मत किती आणि घरच्या हप्त्यांची काळजी किती, हे त्यातून वेगळं करता येत नाही.

त्याआधी, २००३ च्या ऑगस्टात, ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या सैनिकी दैनिकाने इराकमधल्या छावण्यांत प्रश्नावल्या वाटल्या होत्या. १,९३५ उत्तरं आली. नमुना शास्त्रीय नाही, भेटतील त्यांना विचारलं आहे, असं दैनिकाने स्वतःच सांगितलं होतं. त्यात आपल्या तुकडीचं मनोबल खालावलं आहे म्हणणारे ४९ टक्के होते आणि स्वतःचं मनोबल खालावलं आहे म्हणणारे ३४. सरकारवर टीका करणाऱ्यांनी पहिला आकडा घेतला. दोन्ही शेजारी ठेवले की जवान जसा असतो तसा समोर येतो : माझं काय, मी निभावतोय, पण बाकीच्यांचं खरं नाही.

समर्थकांचा आवडता पुरावा वेगळाच होता. मनोबल खालावलं असेल तर इतके सैनिक पुन्हा करार का करतात? पुनर्नियुक्तीचे आकडे खरोखरच चांगले होते. पण युद्धक्षेत्रात करार केला की मिळणारा बोनस करमुक्त असतो आणि हे प्रत्येक सार्जंटला तोंडपाठ असतं. शिवाय करार संपला तरी तुकडी निघेपर्यंत न सोडण्याचा नियम तेव्हा जोरात राबवला जात होता. सही कशासाठी केली हे सहीवरून कळत नाही. साखर कारखान्याला ऊस घातला म्हणजे चेअरमनला मत दिलं असं आपल्याकडेही कोणी धरत नाही.

एकशे चौतीस माणसं

२००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत या खेळाचा कळस झाला. ऑगस्टमध्ये राजकीय देणग्यांचा हिशेब ठेवणाऱ्या ‘सेंटर फॉर रिस्पॉन्सिव्ह पॉलिटिक्स’ने जाहीर केलं की परदेशात तैनात सैनिकांकडून बराक ओबामांना ६०,६४२ डॉलर मिळाले आणि जॉन मॅकेन यांना १०,६६५. जवळपास सहापट! मॅकेन स्वतः व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी होते. आघाडीवरच्या सैनिकांनी आपल्याच माणसाला सोडलं, ही बातमी कोणाला आवडणार नाही?

देणगीदार किती होते तेही त्याच अहवालात होतं. ओबामांना देणारे १३४. मॅकेनना देणारे २६. परदेशी तैनात सैनिकांची संख्या लाखांत होती. त्यातही दोनशे डॉलरच्या वर देणगी दिली तरच दात्याचं नाव आणि नोकरी नोंदली जाते. म्हणजे पगारातून दोनशे डॉलर उमेदवाराला पाठवणारा, वाळवंटातून तेवढी खटपट करणारा सैनिक. एका लोकल डब्यात मावतील एवढ्या माणसांवरून सैन्याचा कौल सांगितला गेला.

ऑक्टोबरात दुसऱ्या बाजूची पाळी आली. त्याच लष्करी साप्ताहिकांच्या पाहणीत सुमारे ४,३०० जणांपैकी ६८ टक्के मॅकेनकडे आणि २३ टक्के ओबामांकडे होते. आता मॅकेन समर्थक आनंदले. संख्या मोठी होती, पण माणसं तीच होती, वर्गणीदार, वयस्क, अधिकाऱ्यांकडे झुकलेली. आत डोकावलं तर चित्र आणखी फाटत होतं : उत्तरं देणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी जवळपास दहातले आठ ओबामांसोबत होते. दोन महिन्यांच्या आत तेच सैन्य सहापट ओबामांचं आणि तिपटीने मॅकेनचं ठरलं. ज्याला जे हवं त्याने ते उचललं. १३४ पेक्षा ४,३०० बरे, हे मान्य. पण नमुना वाकडा असेल तर तो मोठा केल्याने सरळ होत नाही.

या सगळ्यात एक गंमत अशी की अमेरिकेत सैनिकाला ‘मत कोणाला देणार’ असं विचारून त्याची मोजदाद करणं हा जुन्या फौजदारी कायद्यानुसार गुन्हा आहे, वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पाहणीची कायद्यातली व्याख्या मात्र अरुंद आहे : उत्तर देणं भागच आहे असं भासवणारी विचारणा. टपालाने आलेली ऐच्छिक प्रश्नावली त्यातून सुटते. साहेबाने रांगेत उभं करून विचारू नये, यासाठी तो कायदा. हेतू चांगलाच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की स्टॉफरसारखी यादीवरून माणसं निवडणारी सरकारी पाहणी या विषयाकडे फिरकत नाही आणि मैदान वर्गणीदारांच्या याद्यांना मोकळं राहतं.

‘फॉरिन पॉलिसी’ नियतकालिकाने २००८ च्याच सुरुवातीला एका विचारगटासह ३,४०० हून अधिक आजी-माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारलं होतं. इराक युद्धाने सैन्य धोकादायकरीत्या ताणलं गेलं आहे, असं ८८ टक्के म्हणाले. हेडलाइन तीच झाली. युद्धाने सैन्य मोडलं का, या प्रश्नाला ५६ टक्क्यांनी नाही म्हटलं आणि ६४ टक्क्यांना मनोबल उत्तम वाटलं. आणि उत्तरं देणाऱ्यांपैकी इराक किंवा अफगाणिस्तानात सेवा केलेले होते सुमारे दहा टक्के. वाळू ज्यांच्या बुटांत गेली नव्हती, त्यांचीच ही साक्ष.

काळी मिरी, लाल मिरची

त्याच इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या काठी, पहिल्या महायुद्धात मराठी बोलणारे सैनिक उभे होते. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने गेलेली ती फौज टेसिफॉनहून माघारी फिरली, कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्यांना युद्धाविषयी काय वाटतं हे कोणी विचारलं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. मेलेल्यांची मोजदाद झाली, मतांची नाही.

पण सरकारला सैनिकाचं मन जाणून घ्यायचं नव्हतं असं नाही. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांच्या टपालासाठी इंग्रजांनी वेगळं तपासणी खातं उघडलं. पत्रं फोडायची, भाषांतर करायचं, उतारे काढून मनोबलाचा अहवाल वर पाठवायचा. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. सैनिकांनाही पत्रं फोडली जातात हे कळून चुकलं होतं. तेव्हा काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असली वाक्यं पत्रांत येऊ लागली. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरची म्हणजे गोरी. तपासनिसांना ते उमगायला फार वेळ लागला नाही. तरी कागदावर आलेलं सगळंच खरं धरायचं का, हा प्रश्न त्यांनाही पडत होता. आपलं बोलणं कोण वाचणार आहे हे ठाऊक असलेला माणूस वाचणाऱ्यासाठी लिहितो.

स्वतंत्र भारतात १९५० च्या सेना कायद्याचं २१ वं कलम सैनिकाच्या सभा, संघटना आणि वृत्तपत्रांशी बोलण्याच्या हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार केंद्राला देतं. त्यामुळे आपल्याकडे अशा पाहण्या होत नाहीत. जवानाच्या वतीने बोलणारे मात्र चोवीस तास वाहिन्यांवर बसलेले असतात. त्यांना टक्केवारीसुद्धा लागत नाही. त्या हिशेबाने अमेरिकी भांडखोर बरे म्हणायचे, निदान एखादा कागद तरी समोर धरत होते.

अमेरिकेतला एक कागद मात्र नीट बनवलेला आहे. वॉशिंग्टनच्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये माजी सैनिक आणि सामान्य नागरिक या दोघांना शेजारी ठेवून प्रश्न विचारले. इराक युद्ध लढण्याच्या लायकीचं नव्हतं असं म्हणणारे माजी सैनिकांत ६४ टक्के निघाले आणि एकूण प्रौढांत ६२. अफगाणिस्तानबाबत ५८ आणि ५९. ज्याच्या साक्षीसाठी पंधरा वर्षं भांडण झालं, तो साक्षीदार शेजारच्या किराणा दुकानदारापेक्षा वेगळं काही सांगत नव्हता. हुद्दा कोणता होता, प्रत्यक्ष गोळीबार पाहिला की नाही, यानेही उत्तरात फरक पडला नाही. फरक पडला तो एकाच गोष्टीने. इराक युद्ध लढण्याच्या लायकीचं होतं असं म्हणणारे, रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या माजी सैनिकांत ४५ टक्के होते आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेल्यांत १५.